देवळाला दिवे लावण्याआधी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कृष्णाकाठच्या आपल्या गावात काळ्या दगडाचे जुने शिवमंदिर आहे, त्याच्यापुढे दगडी दीपमाळ आणि पिंपळाचा पार असलेला चौक आहे, आणि देवस्थान समितीने वर्गणीतून रंग बदलणारे एलईडी फ्लडलाइट बसवायचे ठरवत आणले आहे. आपण निवृत्त चित्रकला शिक्षक म्हणून समितीवर आहात, हे आपल्याला पटत नाही, पण का पटत नाही ते सभेत चार वाक्यांत मांडता येत नाही. म्हणून प्रकाश विज्ञानात, कलेत, उपासनेत आणि चारचौघांच्या जागेत नेमके काय काम करतो, आणि त्यावरून आपल्या देवळाचे काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी अठ्ठावीस वर्षे प्रकाशयोजनेचे काम करतो. पहिली दहा नाटकात गेली, नंतरची इमारतींत, आणि त्यातही जुन्या वास्तूंत अधिक. माझे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर दिवा कुठे लावायचा हे ठरवण्याआधी तो कुठे लावायचा नाही हे ठरवावे लागते, आणि जुन्या देवळात हा निर्णय बांधणाऱ्यांनी आपल्याआधीच घेऊन ठेवलेला असतो. नाटकात हे पहिल्याच दिवशी कळते. तालमीच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली जे नेपथ्य पुठ्ठ्याचे आणि रंगाच्या वासाचे दिसते तेच रंगमंचावर घर वाटते, कारण तिथे आधी पूर्ण काळोख केला जातो आणि मग हवा तेवढाच भाग उजेडात आणला जातो. माझ्या गुरूंनी मला पहिले सहा महिने एकही दिवा लावू दिला नव्हता; फक्त विझवायला शिकवले. त्या वेळी राग आला होता.

देवळाच्या बाबतीत हा काळोख दगडातच घडवलेला असतो. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण कोल्हापूरच्या अंबाबाईचे आहे. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे, आणि वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून शिरून गरुडमंडप ओलांडत थेट गाभाऱ्यात पोहोचतात. चरण, कटी आणि मुखमंडल असा तीन दिवसांचा क्रम भाविक सांगतात. याला चमत्कार म्हणायचे की विज्ञान, यावर दरवर्षी वाद होतो आणि मला तो निरर्थक वाटतो. तारखा नीट पाहा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे अंतर ४१ दिवसांचे आहे, आणि २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी हेही ४१ दिवसांचेच आहे. सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला माघारी वळतो, आणि वळणाच्या अलीकडे जितके दिवस तितक्याच पलीकडच्या दिवसांनी क्षितिजावर पुन्हा त्याच जागी मावळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर ती जागा नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे येते. दाराची ओळ त्या दिशेशी जुळली की किरण आत येतो, एवढेच गणित आहे. पण ते गणित खरे ठरण्यासाठी दोन गोष्टी लागतात: समोरची वाट मोकळी असणे आणि गाभारा अंधारा असणे. सायंकाळच्या त्या क्षीण, तांबूस किरणाच्या वाटेत एखादी इमारत आली, हवेत धूळ किंवा बाष्प फार झाले, तर तो पोहोचत नाही. आणि पोहोचला तरी आत आधीच फ्लडलाइट लावलेला असेल तर तो आलेला कळणारही नाही.

दुसरे उदाहरण आपल्या नदीवरचेच आहे, शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराचे. बाराव्या शतकाच्या सुमारास शिलाहारांच्या काळात उभे राहिलेले हे मंदिर आपण पाहिले असेलच. त्याच्या स्वर्गमंडपाला वर छत नाही, सुमारे १३ फूट व्यासाचे गोल आकाश आहे, आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्या गोलाच्या वर येतो, म्हणून लोक जमतात. त्रिपुरीच का, याचे उत्तर मला या धंद्यात शिरल्यावर पुष्कळ वर्षांनी मिळाले. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. कार्तिकी पौर्णिमेला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण सोळा ते बावीस अंश गेलेला असतो, तेव्हा पूर्ण चंद्र तितकाच उत्तरेला असतो. खिद्रापूरचा अक्षांश सुमारे पावणेसतरा अंश उत्तर, म्हणून तो चंद्र माथ्यावरून किंवा माथ्याच्या जवळून जातो. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दरवर्षी थोडे इकडेतिकडे होते. म्हणजे कार्तिकातला हा चंद्र आकाशात जवळपास वैशाखातल्या सूर्याच्या वाटेने चालत असतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस भर दुपारी सूर्यही खिद्रापूरच्या माथ्यावर येतो, आणि तेव्हा उन्हाचा गोल शिळेवर बरोबर बसतो. ते पाहायला मात्र कोणी जात नाही. मे महिन्यात दुपारी त्या फरशीवर अनवाणी उभे राहणे अवघडच आहे.

हे दोन दाखले मी एवढ्यासाठी दिले की समितीत कोणी म्हणेल, पूर्वी वीज नव्हती म्हणून देवळे अंधारी राहिली. वीज नव्हती हे खरे, पण उजेड आणायची अक्कल भरपूर होती. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीत घोड्याच्या नालेसारखे केवढे मोठे गवाक्ष आहे. ते पश्चिमेला उघडते, त्यातून आलेला उजेड सुमारे ४५ मीटर खोल सभागृहाच्या टोकाशी असलेल्या स्तूपाकडे जातो, आणि दोन्ही बाजूंच्या खांबांमागचे मार्ग अंधारात राहतात. अख्खा डोंगर पोखरणाऱ्यांना आणखी दोन खिडक्या पाडणे जड नव्हते.

आता आपल्या देवळात दुपारी बाराला चौकातून गाभाऱ्यापर्यंत चालत जा. चौकात उन्हाचा उजेड लाखभर लक्स असतो. लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप, पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सही भरत नाही आणि घरातल्या बैठकीच्या खोलीत रात्री शंभर-दीडशे असतो. मी लक्समीटर घेऊन अशी बरीच देवळे मोजली आहेत. मुखमंडपात हजाराच्या आत, सभामंडपाच्या मध्यावर शंभराच्या आसपास, गाभाऱ्याआधीच्या अरुंद दालनात, म्हणजे अंतराळात, दहा-वीस आणि गाभाऱ्यात नंदादीपाजवळ जेमतेम पाच. वीस-तीस पावलांत उजेड वीस हजार पटींनी उतरतो. आपला डोळा ही उतरण सहज पार करू शकतो, पण त्याला वेळ लागतो. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, मात्र दृष्टिपटलाला काळोखाशी पूर्ण जुळवून घ्यायला वीस ते तीस मिनिटे हवी असतात. देवळाची रचना हा वेळ देते. चपला काढा, पाय धुवा, घंटा वाजवा, नंदीजवळ थांबा, उंबरा ओलांडताना वाका. प्रत्येक थांब्यावर डोळा थोडा उघडत जातो, आणि शेवटी पिंडीवरचे पाणी एका वातीच्या उजेडात चमकताना दिसते. हा अनुभव आस्तिकाला देवाचा वाटतो, मला डोळ्याचा वाटतो, आणि दोघांनाही तो त्याच पायऱ्या चढून मिळतो.

म्हणूनच गाभाऱ्यात पांढऱ्या टाइल्स आणि ट्यूबलाइट आली की माझा जीव खाली-वर होतो. काळ्या दगडावरून जेमतेम दहा टक्के उजेड परततो, पांढऱ्या टाइलवरून सत्तर-ऐंशी टक्के. टाइल लावल्यावर गाभाऱ्यातली सर्वांत उजळ वस्तू पिंडी नसते, भिंत असते, आणि डोळा आपोआप भिंतीकडे जातो. आरतीचेही असेच आहे. निरांजन ओवाळताना दिवा फिरतो, म्हणून सावल्या फिरतात, मुखवट्याच्या नाकाची सावली गालावरून सरकते, चांदीच्या प्रभावळीवर ठिणगी इकडून तिकडे धावते, आणि दगड क्षणभर जिवंत झाल्यासारखा वाटतो. पहाटेच्या काकडआरतीला हे सर्वांत चांगले दिसते. वर चोवीस वॉटचे पॅनेल चालू असेल तर त्याच निरांजनाचा उजेड त्यात बुडून जातो. हात फिरतो, पण सावली हलत नाही. आपल्याला समितीकडून एकच गोष्ट मान्य करून घेता आली तर ही घ्या की गाभाऱ्यातल्या विजेच्या दिव्याला वेगळे बटण असावे आणि आरतीच्या वेळी ते बंद करण्याचा अधिकार पुजाऱ्यांना असावा.

आपण चित्रकला शिकवलीत, त्यामुळे पुढचे मुद्दे आपल्याला माझ्यापेक्षा जवळचे असतील. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आठवा, जे कित्येक घरांत राजा रविवर्म्याचे म्हणून लावलेले असते. चित्रकाराची मुलगीच त्यासाठी उभी राहिली होती. दिव्यापुढे तिने दुसऱ्या हाताचा आडोसा धरला आहे, आणि बोटांच्या कडा लालसर उजळल्या आहेत. त्या कडा लाल का, तर बोटांतले रक्त निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते आणि तांबडा पलीकडे जाऊ देते. मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून वर्गातल्या मुलांना हे आपण दाखवले असेल. चित्रकाराला रक्ताचे प्रकाशविज्ञान माहीत असायची गरज नव्हती, त्याने नीट पाहिले. पण माझ्या कामाला त्या चित्रातली दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. कागदाचा किती मोठा भाग त्यांनी अंधारात सोडला आहे ते पाहा. जलरंगात गडद भाग स्वच्छ ठेवून रंगवणे महाकठीण असते, तरी चेहऱ्याचा उजेड खरा वाटावा म्हणून त्यांनी ते केले.

देवळाच्या बाह्यांगावर हाच न्याय लावायचा. आपण वर्गात कुंडी रेखाटायला ठेवताना दिवा समोरून लावत नाही, बाजूने लावतो. समोरून लावला तर सावली वस्तूच्या मागे लपते आणि घनता जाते. फ्लडलाइट नेमके हेच करतात. चौकातल्या खांबावरून देवळाच्या तोंडावर मारलेला झोत शिल्पाच्या प्रत्येक खोबणीतली सावली पुसून टाकतो, आणि आठशे वर्षांपूर्वी छिन्नीने जी खोली काढली ती सपाट होते. त्याऐवजी लहान झोताचा दिवा भिंतीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर ठेवून उजेड दगडाला घासत वर नेला, तर नक्षीचा प्रत्येक कंगोरा उठून दिसतो. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. घासत जाणारा उजेड दगडाचे दोषही तितक्याच इमानाने दाखवतो. जिथे सिमेंटने डागडुजी झाली असेल, ऑइलपेंट खरवडल्याच्या खुणा असतील, तिथे तो लावू नका. माणसाच्या किंवा देवतेच्या चेहऱ्यावर खालून उजेड गेला तर हनुवटी आणि भुवयांच्या सावल्या उलट पडून तो भेसूर दिसतो; नाटकात राक्षसाला आम्ही असाच प्रकाश देतो. मूर्तीवर उजेड वरून आणि थोडा बाजूने यावा. आपल्या सभामंडपात जुनी भित्तिचित्रे असतील, जशी वाई-मेणवली भागात आढळतात, तर त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा अधिक उजेड कायमचा पडू देऊ नये, कारण प्रकाशाने रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही.

रंगाकडे वळतो, कारण सभेत भांडण याच मुद्द्यावर होणार. रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या विरोधात मला सोवळेपणाचा मुद्दा मांडायचा नाही. गणपतीच्या मांडवात ते छान दिसतात, मीही लावले आहेत. अडचण दगडाची आहे. वस्तूचा रंग म्हणजे तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला तिने परत पाठवलेला भाग. आपला बेसाल्ट काळा-करडा असला तरी त्यात तांबूस, हिरवट, शेवाळलेल्या अशा कितीतरी छटा असतात. त्यावर नुसता निळा झोत टाकला तर परत पाठवायला दगडाला निळ्याखेरीज काही मिळतच नाही. सर्व छटा मरतात आणि उरतो तो निळा पुठ्ठा. मग देऊळ काळे दिसते म्हणून ठेकेदार वॉट वाढवतो. काळ्या दगडाला पांढरे करण्याच्या या हट्टात निम्मी वीज आणि सगळी शोभा जाते.

नुसता पांढरा दिवा घेतला तरी प्रश्न सुटत नाही, कारण पांढऱ्यातही जाती आहेत. आजचा पांढरा एलईडी हा मुळात निळा दिवा असतो. निळ्या चिपवर पिवळसर लेप देऊन त्याचा पांढरा बनवतात. हा निळा एलईडी बनवणाऱ्या जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना, २०१४ मध्ये नोबेल मिळाले, आणि ते योग्यच होते, कारण विजेची एवढी बचत दुसऱ्या कुठल्या दिव्याने केली नाही. पण लेप पातळ असला की निळा अधिक बाहेर पडतो. खोक्यावर ६५०० केल्विन, कूल डेलाइट असे लिहिलेले असते तो हा दिवा. केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. तेलाच्या ज्योतीचा रंग १९०० केल्विनच्या आसपास असतो, जुन्या पिवळ्या बल्बचा २७००. निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, म्हणून असे दिवे लावलेल्या गावावर रात्री दुधट घुमट दिसतो. या विखुरण्याची कथा मुंबई बंदराशी जोडलेली आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परतत होते, आणि समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे निव्वळ प्रतिबिंब नव्हे हे त्यांनी प्रवासातच एका लोलकातून पाहून ताडले. पाणी स्वतः प्रकाश विखुरते, हे सांगणारे टिपण त्यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच लिहिले. त्याच वाटेने पुढे जाऊन २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणामाचा शोध लागला. आपल्या चौकासाठी यातून घ्यायचे ते इतकेच की दिवे २७०० ते ३००० केल्विनचे घ्या, आणि खोक्यावर रंगदर्शकता, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचे माप, ९० किंवा अधिक आहे का ते पाहा. सीआरआय या अक्षरांपुढचा आकडा तो. दुकानदार सहसा तो सांगत नाही.

माझी एक फजिती सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याशी एका देवळाला मी हौसेने थंड पांढरे दिवे लावले होते, जमिनीतून वर मारणारे बारा. उद्घाटन झाले, फोटो निघाले, मी परत आलो. जून लागल्यावर पुजाऱ्यांचा फोन आला की त्यांनी सगळे दिवे बंद करून ठेवले आहेत. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीचे आणि किड्यांचे थवे त्या उजेडाकडे आले, समईच्या तेलात पडून तवंग झाला, त्यांना खायला पाली आल्या, आणि शिल्पांच्या कोपऱ्यांत कोळ्यांनी जाळी विणली. निळ्याकडे झुकणाऱ्या उजेडाला किडे अधिक येतात हे मी वाचलेले होते, पण माझ्या डोक्यात फक्त फोटो होते. शेवटी बारातले आठ दिवे काढले, उरलेल्या चारांचा रंग बदलला आणि दिशा खाली केली. तो खर्च मी सोसला.

दीपमाळेचा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण समितीतल्या आकडेमोड करणाऱ्यांना तो पटतो. एका मेणबत्तीच्या ज्योतीतून सगळ्या दिशांना मिळून सुमारे १२ ल्युमेन प्रकाश निघतो (ल्युमेन हे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप); पणतीचेही ढोबळमानाने तसेच धरू. शंभर पणत्यांचे झाले १२०० ल्युमेन. एवढा प्रकाश आज १२ वॉटचा एक साधा एलईडी बल्ब देतो. म्हणजे त्रिपुरीला तुमचे अर्धे गाव दीपमाळेशी जमते ते एका बल्बाइतका उजेड पाहायला. फरक विभागणीत आहे. तोच उजेड शंभर ठिकाणी वाटला गेला की एकही बिंदू डोळ्याला खुपत नाही, प्रत्येक पणती आपल्याखालचा दगड उजळते, आणि वाऱ्याने सगळ्या ज्योती एकदम लवल्या की दीपमाळ श्वास घेतल्यासारखी हलते. गोव्यात मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ किंवा जेजुरीच्या वाटेवरच्या दीपमाळा पाहाल तर हेच तत्त्व दिसेल. म्हणून दीपमाळेवर झोत टाकू नका. ती स्वतः दिवा आहे. दिव्यावर दिवा मारायचा नसतो. वर्षभर तिला अंधारात उभी राहू द्या आणि त्रिपुरीला चौकातले विजेचे दिवे तासभर बंद ठेवा.

चौकाचे गणित वेगळे आहे, कारण तिथे लोक चालतात, मुले खेळतात, बायका रात्री भजनाहून परततात. भरपूर उजेड म्हणजे सुरक्षितता ही समजूत अर्धीच खरी आहे. चौकाच्या मधोमध उभा केलेला हायमास्ट मध्यभाग पांढराफटक करतो, पण पिंपळाच्या मागे आणि बोळाच्या तोंडाशी त्यामुळेच अंधार अधिक गडद होतो, कारण उजेडाला सरावलेला डोळा त्या अंधारात काही पाहू शकत नाही. समोरून येणाऱ्याचा चेहरा दहा-पंधरा पावलांवर ओळखू येतो की नाही, ही माझी कसोटी आहे. त्यासाठी चार-पाच मीटर उंचीचे, झोत फक्त खाली टाकणारे, थोड्या वॉटचे सहा-सात दिवे एका मोठ्या दिव्यापेक्षा चांगले; जमिनीवर दहा-पंधरा लक्स, पण सगळीकडे सारखे. पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचाही विचार करा. साठीनंतर डोळ्याचे भिंग पिवळे आणि धुरकट होत जाते. तरुणाच्या मानाने दृष्टिपटलापर्यंत तिसरा हिस्साच उजेड पोहोचतो, आणि उघडा दिवा डोळ्यासमोर आला तर धुरकट भिंगात तो पसरून सगळेच पुसट होते. त्यांना उजेड हवा असतो, दिवा दिसायला नको असतो.

खाली तोंड केलेल्या दिव्यांनी काय साधते याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला देशातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचे आकाश काळोखे राखणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे वळवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, आकाश परत आले. कोकणात वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले वाळूतून निघाली की क्षितिजाचा उजळ भाग शोधत समुद्राकडे जातात. मागे रिसॉर्टचे दिवे असले तर ती उलट चालू लागतात. आपल्या गावात कासवे नसतील, पण जुन्या शिखरात वटवाघळे नक्की असतील, आणि शिखरावर रात्रभर झोत राहिला तर ती जातील. रात्री दहानंतर देवळाचे दिवे टायमरने बंद आणि चौकातले निम्म्यावर, असे ठेवा.

बांधकामाविषयी थोडेच सांगतो, पण इथे चूक झाली तर दुरुस्त होत नाही. मंदिर केंद्र किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे का ते आधी पाहा. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट असते, आणि दिवे बसवण्यासाठीही खात्याला विचारावे लागते. यादीत नसले तरी मूळ दगडाला ड्रिल लावू देऊ नका. लोखंडी खिळा गंजला की फुगतो आणि चिरा आतून फोडतो. तारा फरशीच्या सांध्यांतून किंवा जमिनीवर ठेवलेल्या वजनदार पट्ट्यांतून न्या, दिवे उचलून ठेवता येतील अशा बैठकीवर बसवा. अभिषेकाचे पाणी आणि ओली पावले जिथे आहेत तिथे अर्थिंग आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे स्विच, यांत काटकसर नको. सभेत शोभेवर तासभर बोलणे होते, यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

आणि कोटेशन मंजूर करण्याआधी एक रात्र चाचणी घ्या. येत्या अमावास्येला, चांदणे नसताना, चौकातले सगळे दिवे बंद करायला लावून समितीला पारावर वीस मिनिटे नुसते बसवा. मोबाइल खिशात ठेवायला सांगा, नाहीतर डोळे जुळणारच नाहीत. मग आपण दोन चांगले टॉर्च आणि इलेक्ट्रिशियनकडून मागून आणलेले दोन लहान वॉर्म दिवे घेऊन देवळाभोवती फिरा. एकदा समोरून झोत टाका, एकदा बाजूने, एकदा भिंतीला घासून. शिखर अंधारात सोडा आणि फक्त दाराची चौकट उजळून दाखवा. शेवटी ठेकेदाराचा नमुन्याचा रंगीत फ्लडलाइटही लावा, तो टाळू नका, नाहीतर आपण तो लपवला असे म्हणतील. प्रत्येक वेळी विझवून मिनिटभर थांबा. कोणत्या वेळी लोक बोलायचे थांबतात ते वहीत लिहून ठेवा, आणि त्या वेळी कोणता दिवा कुठे ठेवला होता त्याची खडूने खूण करा.